मेस्तायातले चार गोल आणि राखून ठेवलेली जागा

१० मार्च २०२०. व्हॅलेन्सियाचं मेस्ताया स्टेडियम. पन्नास हजारांच्या आसपास माणसं मावतील एवढं मोठं, आणि आत प्रेक्षक एकही नाही. चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीचा सामना, पण ऐकू येतंय ते चेंडूला बसलेल्या लाथेचा आवाज, गोलरक्षकाची हाकाटी आणि प्रशिक्षकांचा आरडाओरडा. आपल्याकडे तेव्हा धुळवडीची रात्र उलटून दीड वाजला होता. महाराष्ट्रातले करोनाचे पहिले दोन रुग्ण आदल्याच दिवशी पुण्यात सापडले होते, आणि रिकाम्या स्टेडियममधला फुटबॉल ही अजून दूरदेशची गंमत वाटत होती.

तिसऱ्या मिनिटाला उत्तर इटलीतल्या बेर्गामोच्या अतालांता क्लबला पेनल्टी मिळाली. (अमेरिकेतल्या शहराचा इथे संबंध नाही, हे नाव ग्रीक पुराणातल्या शिकारी स्त्रीचं.) संघाचा स्लोव्हेनियन आक्रमक योसिप इलिचिचने ती मारली, ०–१. व्हॅलेन्सियाने बरोबरी केली. त्रेचाळिसाव्या मिनिटाला दुसरी पेनल्टी, पुन्हा इलिचिच, १–२. मध्यंतरानंतर व्हॅलेन्सियाने दोन गोल करून ३–२ अशी आघाडी घेतली. मग एकाहत्तराव्या मिनिटाला इलिचिच, ब्याऐंशीव्या मिनिटाला इलिचिच, आणि ३–४. मिलानमधला पहिला सामना अतालांताने ४–१ जिंकला होता, त्यामुळे एकूण हिशेब ८–४. चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीत परक्या मैदानावर एका सामन्यात चार गोल करणारा तो पहिला खेळाडू. वय ३२ वर्षं ४१ दिवस, म्हणजे या स्पर्धेत चार गोल करणाऱ्यांत तोपर्यंतचा सर्वांत मोठा.

त्या मोसमात त्याने यानंतर एकही गोल केला नाही. चार महिन्यांनी तो संघातूनच दिसेनासा झाला.

हा अभ्यास त्या चार गोलांपेक्षा त्यांच्यानंतर रिकाम्या पडलेल्या जागेचा आहे. कारकिर्दीच्या शिखरावर असलेला माणूस खेळू शकत नाही, आणि दाखवायला गुडघा किंवा घोटा नाही. अशा वेळी संघ काय करतो? एसटीत रुमाल टाकून जागा धरतात, तशी ती जागा कोणी धरून ठेवतं का, आणि किती दिवस?

आधीचा माणूस

इलिचिचचा जन्म २९ जानेवारी १९८८ चा, तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या, आता बोस्नियात असलेल्या प्रियेदोर गावचा. घर बोस्नियन क्रोएट. वडील तो तान्हा असतानाच गेले. आई दोन मुलांना घेऊन स्लोव्हेनियातल्या क्रान्य शहरात आली, तेव्हा धाकटा योसिप जेमतेम वर्षाचा होता. ही तारीख मुद्दाम लिहितोय. पुढे २०२० मध्ये अनेकांनी गोष्ट अशी जुळवली की युद्धात होरपळलेलं मूल मोठं झालं आणि करोनातल्या शवपेट्या पाहून कोलमडलं. बोस्नियातलं युद्ध सुरू झालं १९९२ मध्ये. तोवर हे कुटुंब क्रान्यमध्ये राहून तीन वर्षं होत आली होती. बातमीला अशी सलग गोष्ट हवी असते, आणि एकदा ती मिळाली की तारखा तपासायला कोणी जात नाही.

एकवीस-बावीस वर्षांचा असताना तो लुब्लियानाच्या इंटरब्लॉक संघात होता. २०१० मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. व्यावसायिक फुटबॉल सोडावं आणि हौसेनं फुटसाल, म्हणजे बंदिस्त कोर्टवरचं पाच जणांचं फुटबॉल, खेळत राहावं, असा विचार तेव्हा मनात होता, हे त्याने स्वतःच पुढे सांगितलं आहे. त्याला उचललं झ्लात्को झाहोविचने. स्लोव्हेनियन फुटबॉलमधलं तोवरचं सर्वांत मोठं नाव, आणि त्या वेळी मारिबोर क्लबचा क्रीडा संचालक. किंमत सुमारे ८० हजार युरो.

पुढचं सगळं एका उन्हाळ्यात घडलं. युरोपा लीगच्या पात्रता फेरीत मारिबोरची गाठ सिसिलीतल्या पालेर्मोशी पडली. पालेर्मोने पहिला सामना ३–० जिंकला. परतीचा सामना मारिबोरने ३–२ असा जिंकला आणि त्यात इलिचिचचाही गोल होता. मारिबोर बाहेर गेलं, पण दुसऱ्याच दिवशी पालेर्मोने इलिचिच आणि त्याचा सहकारी अर्मिन बाचिनोविच या दोघांना विकत घेतलं. इलिचिचसाठी मोजलेली रक्कम वीस लाख युरोंच्या वर होती. काही आठवड्यांपूर्वी बूट खुंटीला टांगायला निघालेला मुलगा सेरी आ मध्ये, म्हणजे इटलीच्या अव्वल लीगमध्ये पोचला.

पालेर्मोत तीन मोसम, मग २०१३ पासून फ्लॉरेन्सच्या फिओरेन्तिना क्लबात चार. या सात वर्षांवर फार रेंगाळत नाही. इटालियन चषकाचे दोन अंतिम सामने हरला (२०११, २०१४), २०१५–१६ मध्ये लीगमध्ये १३ गोल केले, आणि फ्लॉरेन्सच्या प्रेक्षकांनी त्याला डोक्यावरही घेतलं आणि शिट्ट्याही मारल्या. सहा फूट तीन इंच उंची, डावा पाय सोन्याचा, पण चालीत एक आळस. चांगला खेळला की त्या आळसाला ‘ऐट’ म्हणायचे, वाईट खेळला की ‘कामचुकारपणा’. चाल तीच, फक्त शब्द बदलायचे.

२०१७ मध्ये तो अतालांतात आला. प्रशिक्षक जान पिएरो गास्पेरिनी. इथे खेळाची रीत थोडी सांगावी लागेल, कारण पुढचा पेच तिच्यातच आहे. गास्पेरिनीचा संघ तीन बचावपटू घेऊन खेळायचा आणि मैदानभर माणसाला माणूस जुंपायचा. तुझा माणूस तुझा, तो गोलरक्षकापाशी गेला तरी तू मागे जायचं. या पद्धतीत लपायला जागाच नसते. एकाने आपला माणूस सोडला की दुसऱ्याला त्याच्याकडे धावावं लागतं, मग तिसऱ्याला, आणि सगळी साखळी तुटते. अशा घाण्याला जुंपलेल्या संघात इलिचिच उजवीकडून हळूच आत यायचा, लांब पायांनी चेंडू झाकून उभा राहायचा आणि सगळ्यांचा वेग क्षणभर थांबवायचा. त्या थांबण्यातूनच बाकीच्यांना वाट सापडायची. आक्रमणात एवढी मोकळीक त्याच्याखेरीज फक्त कर्णधार पापू गोमेझला होती.

सहकाऱ्यांनी त्याला नाव ठेवलं होतं ‘नोन्ना’, इटालियनमध्ये आजी. रोज काहीतरी दुखायचं, रोज थकवा असायचा, आणि मग आजीबाई मैदानात उतरून दोन गोल करून यायच्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये डॉर्टमुंडला त्यांच्याच घरी पाच मिनिटांत दोन गोल केले ते असेच.

२०१८: पहिली खूण

मेस्तायाच्या प्रकरणाची सुरुवात माझ्या मते २०१८ मध्ये होते. ४ मार्च २०१८ ला फिओरेन्तिनाचा कर्णधार दाविदे आस्तोरी उदिने शहरातल्या हॉटेलच्या खोलीत झोपेतच गेला. वय ३१. सामन्याआधीची रात्र होती, आजार कोणालाच ठाऊक नव्हता. इलिचिच त्याच्यासोबत दोन मोसम खेळला होता.

त्याच उन्हाळ्यात इलिचिचच्या मानेतल्या लसीकाग्रंथींना जिवाणूसंसर्ग झाला. रुग्णालयात राहावं लागलं, मोसमाची सुरुवात हुकली. पुढे एका मुलाखतीत त्याने सांगितलं की त्या दिवसांत आस्तोरी सारखा आठवायचा आणि रात्री डोळे मिटायची भीती वाटायची. आपण उठलोच नाही तर?

मग तो परतला आणि ऑक्टोबरमध्ये किएव्होविरुद्धच्या ५–१ च्या विजयात तीन गोल केले. डिसेंबरअखेर सास्सुओलोविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरून आणखी तीन. त्या मोसमात अतालांता लीगमध्ये तिसरी आली आणि इतिहासात पहिल्यांदा चॅम्पियन्स लीगमध्ये गेली. त्यामुळे २०१८ च्या आजाराची नोंद ‘झाला, बरा झाला, गोल केले’ अशी होऊन फाइल बंद झाली. संसर्ग बरा झाला हे खरं. पण खेळाडूने स्वतः, नाव घेऊन, मृत्यूच्या भीतीबद्दल सांगितलं होतं. ते सगळ्यांनी हृद्य आठवण म्हणून वाचलं आणि पुढे गेले. मीही तसंच वाचलं होतं.

बेर्गामो

२०१९–२० हा त्याचा सर्वोत्तम मोसम. लीगमध्ये १५ गोल. २५ जानेवारीला ट्यूरिनमध्ये तोरिनोला ७–० असं लोळवलं, त्यात त्याचे तीन. त्यातला एक फ्री किकवर, जवळजवळ मध्यरेषेपासून मारलेला. गोलरक्षक पुढे आलेला दिसला, आणि त्याने कोणाची वाट न पाहता चेंडू उचलून टाकला.

१९ फेब्रुवारीला व्हॅलेन्सियाविरुद्धचा पहिला सामना. बेर्गामोच्या मैदानाचं काम चालू होतं म्हणून अतालांताचे युरोपीय सामने मिलानच्या सान सिरोवर व्हायचे. लहान शहरातून चाळीस हजारांच्या घरात माणसं बस, गाड्या, रेल्वेने पन्नासेक किलोमीटरवर गेली, जिंकली, मिठ्या मारल्या, रात्री घरी आली. दोन दिवसांनी लोम्बार्दीतला, म्हणजे मिलान-बेर्गामोच्या प्रदेशातला, स्थानिक संसर्गाचा पहिला रुग्ण जाहीर झाला. पुढे इटालियन माध्यमांनी या सामन्याला ‘शून्य क्रमांकाचा सामना’ म्हटलं. साथीचा किती वाटा त्या एका रात्रीचा, हा हिशेब मांडणं कठीण. बेर्गामोच्या माणसाला मात्र तो आनंद आठवताना कायम कसंनुसं वाटत राहणार.

मेस्तायाचा सामना झाला तेव्हा संपूर्ण इटली बंद करण्याची घोषणा होऊन एक दिवस झाला होता. सामन्यानंतर अतालांताच्या खेळाडूंनी एक शर्ट उंचावला, त्यावर लिहिलं होतं की बेर्गामो, हे तुझ्यासाठी. आणि खाली तिथल्या बोलीतले दोन शब्द, ‘मोला मीआ’. हार मानू नकोस.

मग ते परतले. ‘लेको दी बेर्गामो’ या स्थानिक दैनिकात एरवी मृत्यूच्या सूचना दोन-तीन पानांत मावायच्या, १३ मार्चच्या अंकात त्या दहा पानं झाल्या. १८ मार्चच्या रात्री लष्कराच्या ट्रकांची रांग शवपेट्या घेऊन शहराबाहेर गेली, कारण इथलं दहनगृह पुरं पडत नव्हतं. इटलीच्या सांख्यिकी संस्थेच्या आकड्यांनुसार त्या मार्चमध्ये बेर्गामो प्रांतात आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीच्या साडेसहा पटींहून अधिक मृत्यू झाले. प्रदर्शन केंद्रात उभारलेल्या तात्पुरत्या रुग्णालयासाठी अतालांताचे कट्टर चाहते सुतार, रंगारी, इलेक्ट्रिशियन म्हणून राबले. गास्पेरिनी स्वतः मेस्तायाच्या दिवसांत आजारी होता, हे त्याने मे महिन्यात सांगितलं. पुढे तपासणीत त्याच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या. आजारी असताना डगआउटमध्ये बसला म्हणून व्हॅलेन्सिया क्लब त्याच्यावर चिडला, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर होतं.

रिकामी जागा

२१ जूनला अतालांता पुन्हा मैदानात उतरली. इलिचिच संघात होता, पण खेळात नव्हता. ज्यांनी त्याला जानेवारीत पाहिलं होतं त्यांना हे पाच मिनिटांत कळायचं. चेंडू पायाशी आला की तो थांबायचा तसाच, पण आता ते थांबणं पुढच्या चालीसाठी नसायचं. ११ जुलैला युव्हेंट्सविरुद्ध २–२ अशी बरोबरी झाली, त्यात तो पहिल्यापासून खेळला. त्या मोसमातला तो त्याचा शेवटचा सामना. महिनाअखेरीस तो क्लबच्या परवानगीने स्लोव्हेनियात घरी गेला.

कारण म्हणून क्लबने ‘वैयक्तिक’ एवढाच शब्द वापरला. आजाराचं नाव नाही, परतीची तारीख नाही. दोन्ही देशांच्या वृत्तपत्रांनी त्याच्या घरच्या गोष्टींबद्दल बरंच काही छापलं, ते इथे आणत नाही. अभ्यासाला त्याची गरजही नाही. घोट्याचं हाड मोडलं तर क्लब पत्रक काढतो, सहा ते आठ आठवडे. लोकांना हुरहूर लागते पण प्रश्न पडत नाही. इथे पत्रकात लिहायला आकडा नव्हता, आणि आकडा नसला की लोक ती जागा अफवांनी भरतात. अतालांताने ती भरायला नकार दिला. हा प्रसिद्धी विभागाचा निर्णय वाटतो, पण मला तो उपचाराचाच भाग वाटतो. तारीख जाहीर झाली असती तर ती चुकल्यावर अपयश त्याच्या नावावर पडलं असतं.

याची किंमत मोजावी लागली. १२ ऑगस्टला लिस्बनमध्ये पॅरिस सां जर्मांविरुद्ध उपान्त्यपूर्व फेरी होती, एकच सामना, आर या पार. मारियो पाशालिचच्या गोलवर अतालांता नव्वदाव्या मिनिटापर्यंत १–० पुढे होती. मग मार्किन्होसने बरोबरी केली आणि भरपाईच्या वेळेत चुपो-मोटिंगने दुसरा गोल केला. तीन मिनिटांत खेळ खलास. आघाडी असताना शेवटची पंधरा मिनिटं कोपऱ्यात चेंडू झाकून उभा राहणारा लंबू तेव्हा स्लोव्हेनियात होता. तो असता तर जिंकले असते, असं म्हणणं म्हणजे आत्याबाईला मिशा असत्या तर. पण त्याची अनुपस्थिती संघाला कुठे दुखली, हे त्या पंधरा मिनिटांत दिसलं.

१७ ऑक्टोबरला तो परतला. नापोलीत संघ ४–१ हरला. २५ नोव्हेंबरला लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्डवर, पुन्हा प्रेक्षकांविना, साठाव्या मिनिटाला पापू गोमेझच्या क्रॉसवर त्याने गोल केला. मेस्तायानंतर अतालांतासाठीचा पहिला. चार मिनिटांनी गोझेन्सने दुसरा केला आणि अतालांता २–० जिंकली.

इथे गोष्ट संपवता आली असती, आणि त्या हिवाळ्यात बऱ्याच लेखांनी तशी संपवलीही. पण दोन गोष्टी राहतात.

पहिली पापूची. अ‍ॅनफिल्डनंतर आठवड्याभरातच गास्पेरिनी आणि कर्णधार यांच्यात मध्यंतरात जोरदार भांडण झालं, आणि जानेवारी २०२१ मध्ये पापू सेव्हियाला गेला. सात मोसम संघाचा चेहरा असलेला माणूस दोन महिन्यांच्या आत बाहेर. इलिचिचसाठी दार उघडं ठेवणारा प्रशिक्षक तोच होता. त्यामुळे ‘मायाळू गास्पेरिनी’ अशी प्रतिमा उभी करण्यात अर्थ नाही. आजारपण त्याला समजायचं, अवज्ञा नाही. इतक्या कडक माणसाने एका खेळाडूपुरता आपला नियम सैल केला, म्हणून ही घटना अभ्यासायची.

दुसरी गोष्ट म्हणजे ते पुन्हा झालं. जानेवारी २०२२ च्या मध्यापासून इलिचिच परत दिसेना. या वेळी गास्पेरिनी पत्रकारांसमोर अधिक उघडपणे बोलला. आपलं डोकं म्हणजे जंगल आहे, मानसोपचारतज्ज्ञांनाही तिथे वाट काढणं जड जातं, मग आम्ही कोण, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. इटालियन फुटबॉलमध्ये त्या खुर्चीवर बसलेला माणूस असं बोलताना मी तरी आधी ऐकला नव्हता. त्याच महिन्यात क्लबने सास्सुओलोकडून जेरेमी बोगाला घेतलं. रुमाल अजून सीटवर होता, पण बस सुटलेली होती. याला विश्वासघात म्हणता येणार नाही. बावीस-तेवीस जणांचा संघ एका जागेपुरता किती काळ अधांतरी ठेवायचा, याचं उत्तर कधीतरी द्यावंच लागतं, आणि अतालांताने ते दीड वर्ष लांबवलं होतं.

ऑगस्ट २०२२ मध्ये परस्परसंमतीने करार संपला. अतालांतासाठी १७३ सामने, ६० गोल. २०१९ चाही इटालियन चषकाचा अंतिम सामना हरलेला, त्यामुळे चषक एकही नाही. बेर्गामोत त्याबद्दल कोणी खंत करताना दिसत नाही.

मारिबोर, मग फ्रँकफर्ट

ऑक्टोबर २०२२ मध्ये तो मारिबोरला परतला, म्हणजे जिथून पालेर्मोने उचललं होतं त्याच मैदानात. ‘ल्युद्स्की व्रत’ हे मैदानाचं नाव, अर्थ लोकांची बाग. वजन वाढलेलं, वेग आधीही फारसा नव्हताच. स्लोव्हेनियन लीगमध्ये डाव्या पायाला तेवढं पुरायचं, कधी नाही पुरायचं. स्टेडियम लहान, प्रवास छोटे, क्रान्य दीड तासावर. कारकीर्द उतरणीला लागली असं कोणी लिहिलं तर आकड्यांनी ते खरं आहे. पण बारा वर्षांपूर्वी जो फुटसालकडे वळणार होता, तो पस्तिशीत पुन्हा सराव करत होता, हेही त्याच आकड्यांच्या बाजूला लिहावं लागेल.

२०२४ च्या युरो स्पर्धेसाठी प्रशिक्षक मात्याझ केकने त्याचं नाव संघात घातलं. २०१० मध्ये इलिचिच पहिल्यांदा राष्ट्रीय संघात आला तेव्हाही प्रशिक्षक केकच होता. आघाडीला आता एकवीस वर्षांचा बेंजामिन शेश्को, गोलमध्ये यान ओब्लाक. स्लोव्हेनियाने डेन्मार्क, सर्बिया, इंग्लंड या तिघांशीही बरोबरी केली आणि पहिल्यांदाच मोठ्या स्पर्धेच्या बाद फेरीत पोचली. इंग्लंडविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांसाठी इलिचिच उतरला तेव्हा स्लोव्हेनियन चाहत्यांनी उठून स्वागत केलं.

१ जुलैला फ्रँकफर्टमध्ये पोर्तुगाल. जादा वेळेत ओब्लाकने रोनाल्डोची पेनल्टी अडवली. थोड्या वेळाने शेश्को एकटा गोलरक्षकासमोर होता, आणि दिओगो कोस्ताने पायाने अडवलं. ०–०. मग पेनल्टी शूटआउट.

स्लोव्हेनियाकडून पहिली पेनल्टी मारायला ३६ वर्षांचा इलिचिच पुढे आला. या वेळी स्टेडियम खचाखच भरलेलं होतं. डाव्या पायाने मारली, कोस्ताने अडवली. पुढच्या दोघांच्याही अडवल्या, आणि पोर्तुगालने ३–० ने शूटआउट जिंकलं.